साहेबाला ‘तू’

जगन्नाथकाकांना थंडी आवडत नव्हती, आणि मुलीच्या घरातली शांतता तर त्याहूनही नाही. विदर्भातल्या ठाण्यांत जन्मभर हवालदारी केलेला माणूस. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना पकडण्यासारखं कुणी नव्हतं. मी वरच्या मजल्यावर राहायचो आणि चहाच्या निमित्ताने खाली टपकायचो. २००६ च्या त्या हिवाळ्यापर्यंत काकू गेल्या होत्या, काचबिंदूने काकांची नजर अधू केली होती. तरी नागपूरच्या रिकाम्या घरी एकटं राहायचा हट्ट शाबूत होता.

त्यांची मुलगी उपासना हिने लायब्ररीतून एक स्वीडिश पोलिसी कादंबरी आणली. लांबलचक मालिकेतला मधलाच कुठलातरी भाग. इंग्रजी पानावर नजर ठेवून ती मराठीत वाचून दाखवायची.

“हे पुस्तक संपलं की तिकीट काढ,” काकांनी बजावलं. तेव्हापासून बिचारी रोज जेमतेम चार पानं वाचू लागली. काकांना ते कळत होतं, पण त्यांनी चालू दिलं. शिवाय स्वीडनच्या पोलिसांची खरडपट्टी काढण्यात त्यांचा वेळ झकास जात होता. “पंचनामा कुठाय? पंच कुठायत?”

मग उपासनाच्या लॅबमधल्या एका स्वीडिश मैत्रिणीने तिला सांगितलं, की त्यांच्याकडे शिपाईही साहेबाला ‘तू’च म्हणतो. इंग्रजीतल्या ‘यू’वरून हे कळायची सोय नाही. उपासना आपली शिपायाच्या तोंडी ‘साहेब, तुम्ही’ घालत आली होती. त्या दिवशी तिने इमानदारीत दुरुस्ती केली. शिपाई म्हणाला, “तू चुकतोयस. खुनी तो नाही.”

काका ताडकन उठले. “काय वाचून राहिली तू? साहेबाले तू? बंद कर ते. उद्याच तिकीट बुक कर.”

उपासना रडकुंडीला आली. “बाबा, सीरियसली, तिथे सगळेच एकमेकांना तू म्हणतात. साहेब, शिपाई, सगळे.”

काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर बर्फ पडत होता. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “ठाण्यात बाकी हवालदारांच्या नावापुढे राव लागायचं. माझी जात सगळ्यांना माहीत. म्हणून मी ‘ए जगन्या’. नवा भरती झालेला पोरगाही तेच म्हणे. ए जगन्या, खुर्ची पूस.”

आवाज जराही चढला नव्हता. पुण्याहून आलेल्या, वरच्या जातीतल्या मला, माझं नाव घेतलेलं नसतानाही, लाज वाटली. माझा चहा तसाच राहिला.

“तिथं मला काय म्हणाले असते?” काकांनी मुलीला विचारलं.

“तू.”

“अन् साहेबाला?”

“तूच, बाबा.”

काका येऊन खुर्चीत बसले. मांडीवरची शाल नीट केली.

“तिकिटाचं मग पाहू. आधी मालिकेचा पहिला भाग आण,” ते म्हणाले. “अन् त्यात एकालाही तुम्ही म्हणू नको.”