अध्यक्षांची पाटी

आमच्या सहकारी संस्थेची नवी कचेरी जुन्या कचेरीच्याच जागेवर उठत होती. जुनी निम्मी पाडली होती आणि उरलेल्या निम्मीत आम्ही कारकून धूळ झटकत काम करत होतो. बांधकामावरच्या इंजिनिअर बाई दिवसभर माझ्या खिडकीबाहेर दिसत. डोक्यावर पिवळं हेल्मेट, बोलणं अस्सल कोल्हापुरी बायकांचं, "मी येतो, मी बघतो." पाडलेल्या भिंतीचा दगड नव्या भिंतीतच जाणार, हा त्यांचा हट्ट. दगड न्यायला ट्रक आला की त्या फाटकात आडव्या उभ्या राहत.

अध्यक्षांना मात्र पुण्यासारखी दर्शनी काच हवी होती. 'पर्यावरणपूरक इमारत' हे शब्द त्यांनीच फलकावर घातले होते, पण ते फलकापुरतेच आहेत अशी त्यांची समजूत होती. एकदा ते पाहणीला आले, तर आमच्या चहाच्या ओट्यावर जुन्या इमारतीची संगमरवरी कोनशिला बसवलेली. तिच्यावर त्यांच्या विरोधकाचं नाव होतं. गुळगुळीत बाजू तीच असल्यामुळे बाईंनी नाव वर ठेवलं होतं.

"ही फेका आधी! आणि दगडबी उद्या उचलायचा. न्हायतर काम दुसऱ्याला देतो."

"द्या की. मी जातो घरी. पर मी हाय तवर दगड हितनं हलायचा न्हाय." बाईंनी चहाचा कप त्या नावावर ठेवला. "आणि साहेब, तुमची पाटी जाड करा. पुढच्या इमारतीला ओटा लागंलच की."

काम बाईंकडेच राहिलं आणि भिंत दगडाचीच झाली. उद्घाटनाला अध्यक्षांची पाटी लागली, ती पितळी पत्र्याची होती.