एक नंबर मोठा बूट

मुलीचा फोन आला तेव्हा मी स्टोअरमध्ये हातमोज्यांचे जोड मोजत होते.

"आई, नडग्या फार दुखतायत," ती म्हणाली. हिमाचलातल्या स्कीइंगच्या कोर्सचा तिचा तो चौथा दिवस होता. मी फोन खांद्यात धरला, मोजणं चालूच ठेवलं आणि म्हणाले, "नवे बूट आहेत. दोन दिवसांत सवय होईल."

हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं आहे. सांगलीजवळ कुपवाडच्या एका फाउंड्रीत मी वीस वर्षं स्टोअर सांभाळते. कामगारांचे बूट माझ्या हातून जातात आणि तक्रारी माझ्याकडेच परत येतात. देताना नियम ठरलेला: एक नंबर मोठा घ्या, आत जाड मोजे घाला. दिवसभर भट्टीजवळ उभं राहून संध्याकाळी पाय सुजतात, तेव्हा सैल बूट बरा वाटतो. घरातलं वळणही तेच. लहानपणी साताऱ्यात आम्हा तिघी बहिणींना शाळेचे बूट वाढत्या मापाचेच घेतले जायचे. पुढे कापूस कोंबायचा, दुसऱ्या वर्षी काढून टाकायचा.

त्यामुळे मुलगी निघाली तेव्हा मी चार पानी यादी केली आणि तिच्यात बुटांना अर्धं पान दिलं. बूट तिथे संस्थेकडून मिळतील, एक नंबर मोठा मागणे. लोकरी मोजे दोन, एकावर एक. थर्मलचा पायजमा बुटात खोचणे, म्हणजे वारा शिरत नाही. पट्टे फार आवळू नयेत, रक्त थांबते. मी बर्फ पाहिलेला तो फ्रिजमधला. तरी हे सगळं ठाम अक्षरात लिहिलं.

तिला स्कीइंगची प्रशिक्षक व्हायचं होतं. त्याची पहिली पायरी हा कोर्स. नवऱ्याची नोकरी शिरवळला, तो रविवारीच घरी असतो. त्यानं तिला एक हिवाळा दिला होता. या हिवाळ्यात जमलं तर पुढचं बोलू, नाही तर त्याच्याच कंपनीतल्या साहेबांनी देऊ केलेली ऑफिसची नोकरी धरायची. तिनं ते कबूल केलं होतं.

सहाव्या दिवशी तिथल्या शिक्षकांनी तिला थांबवलं. वळताना तिला पुढे झुकताच येत नव्हतं. दिल्लीच्या गाडीनं ती मिरजेला उतरली. स्टेशनच्या जिन्यावरून ती कठड्याला धरून आडवी, एकेक पायरी येत होती आणि मागची माणसं खोळंबली होती. मी खाली बॅग घ्यायला उभी होते. वर जाऊन तिला हात द्यावा हेसुद्धा मला पटकन सुचलं नाही, इतकी मी त्या आठवड्यात दमले होते.

दोन्ही नडग्यांवर तळहाताएवढे जांभळे डाग होते. मी तेल कोमट केलं आणि जोर लावून चोळलं. ती किंचाळली. मी म्हणाले, "थोडं सोस." तीही चूकच होती, पण ते दुसऱ्या दिवशी कळलं.

मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट बाई माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान असतील. त्यांनी नडगीचं हाड वरपासून खालपर्यंत बोटानं दाबत पाहिलं. एकाच जागी कळ येते का, झोपल्यावरही ठणकतं का, हे दोनदा विचारलं. तसं असतं तर हाडाला चीर असण्याची शंका होती. तसं नव्हतं. मार होता, हाडावर बसलेला.

"तेल लावलंत?"

"हो."

"चोळू नका. कापडात गुंडाळून बर्फ लावा, पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. आठवडाभर विश्रांती." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "बूट सैल होता ना?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"पाय आत पुढे-मागे सरकत असणार. प्रत्येक वळणाला नडगी बुटावर आपटायची. मोजे किती घातले होते?"

"दोन."

"आणि पायजमा?"

"आत."

"म्हणजे वर चुण्या आणि खाली पोकळी. बूट निवडला कुणी?"

"तिथल्या माणसानं दिला," मुलगी म्हणाली. खोटं बोलताना ती समोरच्या भिंतीकडे बघते.

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "एक नंबर मोठा माग म्हणून मीच लिहून दिलं होतं."

बाई हसल्या नाहीत, हे बरं झालं. त्यांनी नीट समजावलं. तो बूट चालण्यासाठी नसतो, पाय धरून ठेवण्यासाठी असतो. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की थोडी मागे आली पाहिजेत. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. बुटात दुसरं काही खोचायचं नाही. पट्टे लावण्याआधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची. वरचा पट्टा घट्ट, कारण नडगी बुटाला चिकटून राहिली तर आपटत नाही. दोन फेऱ्यांनंतर पुन्हा आवळायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मोकळा करायचा. भीतीनं मागे रेललं तर बूट कितीही चांगला असला तरी नडगी मार खातेच.

मी वही काढली होती. मुलीनं ती हळूच मिटली. "मी लक्षात ठेवते गं."

त्याच आठवड्यात वाळू धुणाऱ्या विभागातला एक जुना कामगार खिडकीशी आला. माणूस तोंडाचा फटकळ. "आवं मॅडम, वरीस झालं सांगतोय. गमबूट लय मोठा हाय, कड नडगीवर आपटती. तुमी म्हणताय सवय हुईल. कवा हुईल? रिटायर झाल्यावर?"

नेहमी मी पुढच्याला बोलावते. त्या दिवशी त्याला म्हटलं, "पँट वर करा." नडगीवर कातडं काळं आणि जाड झालं होतं. मी एक नंबर लहान जोड काढून दिला. त्यानं तो तिथेच घातला, दोनदा पाय आपटला.

"आता कसा गप बसला बघा! ह्यो ह्याच स्टोअरात हुता न्हवं?"

होता. वर्षभर मागच्या फळीवर होता.

रविवारी नवरा आला. मुलीचे पाय पाहून म्हणाला, "झाली ना हौस?" मुलगी आत गेली. मी पोळ्या लाटत होते, लाटणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर बसले असते.

"तिचं चुकलं नाही," मी म्हणाले. "माझं चुकलं. या हिवाळ्यातल्या शेवटच्या तुकडीत एक जागा रिकामी झाली आहे. तिला जाऊ द्या."

"म्हणजे दोन हिवाळे झाले की."

"एकच. पहिली खेप माझ्या यादीत गेली."

त्यानं आणखी एक पोळी वाढून घेतली. मग म्हणाला, "साहेबांना मार्चअखेरपर्यंत थांबवतो. त्यापुढे नाही."

विश्रांती संपल्यावर ती पोटऱ्यांचा व्यायाम करायला लागली, मग चालायला. सांगलीत चढ कुठे? म्हणून तीन आठवडे ती साताऱ्याला माझ्या बहिणीकडे राहिली आणि रोज अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं चढली-उतरली. शनिवारी सुट्टी झाली की मी एसटीनं जायची, रविवारी परत यायची. चढताना ती पुढे असायची. मी पहिल्या वळणावरच्या कठड्यावर बसून राहायची आणि उतरताना तिच्या पायांकडे बघायची. पहिल्या शनिवारी ती थांबत थांबत उतरली. तिसऱ्या शनिवारी उतरताना बोलत होती, म्हणजे दुखत नव्हतं.

या खेपेला यादी मी केली नाही. हात शिवशिवत होते, पण केली नाही. तिनं पातळ मोज्यांचे दोन जोड घेतले आणि मी बांधून दिलेलं जाड लोकरी मोज्यांचं गाठोडं पलंगावरच ठेवलं.

तिथून पाचव्या दिवशी फोन आला. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "पहिला बूट परत केला. तो माणूस म्हणाला, हाच आरामाचा आहे. मी म्हटलं, म्हणूनच नको."

"नडग्या?"

"संध्याकाळी थोड्या दुखतात. बर्फ लावते. इथं बर्फाला काय तोटा आहे?"

परीक्षेच्या दिवशी दुपारी मी स्टोअरच्या खोक्यावर डबा उघडून बसले होते. फोन वाजला. मागे मुलींचा गलका होता, त्यामुळे ती ओरडून बोलत होती. पास झाली होती. दोनदा पडली, पण दोन्ही वेळा पुढे झुकूनच पडली, असं शिक्षक म्हणाले. पुढच्या कोर्ससाठी तिचं नाव लिहून घेतलं होतं.

मी "बरं झालं" एवढंच म्हणाले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती जांभई. मग मी शिरवळला फोन लावला आणि नवऱ्याला सांगितलं.

पलीकडे मशिनचा आवाज येत होता. तो म्हणाला, "मग साहेबांना काय सांगू?"

"ती येत नाही म्हणून सांगा," मी म्हणाले, आणि डबा जेवायला घेतला.