टँकरच्या पाण्यावर दीपोत्सव

आमच्या गावच्या बारवेत पाणी असतं ते टँकरचं. पायऱ्या उतरून जायची ही दगडी विहीर एके काळी बारमाही भरलेली असायची म्हणतात, पण मी शाळेतून निवृत्त होऊन गावी परत आले तेव्हापासून तिचे झरे आटलेलेच पाहिलेत. होळी झाली की टँकर सुरू होतो. ड्रायव्हर मागचा जाड पाइप बारवेत सोडतो, टाकी रिकामी करतो आणि निघून जातो. मग बायका हंडे-कळशा घेऊन पायऱ्या उतरतात आणि पुढचा टँकर येईपर्यंत पुरेल एवढं पाणी भरून नेतात. ज्यांच्या दारात बोअर आहे त्यांना याची झळ नाही. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या कडेला आहे आणि तिथं बोअर घेतला तर धूळ निघते, म्हणून आम्ही सगळ्या टँकरच्या आवाजाकडे कान लावून बसलेल्या असतो.

अशा गावात पर्यटन आणायची कल्पना माजी सरपंचांची. वारसा समितीचे अध्यक्ष तेच झाले. फाट्यावर त्यांचं हॉटेल आहे, हे इथंच सांगून ठेवलेलं बरं. तरी कल्पना वाईट होती असं मी म्हणणार नाही. नगर जिल्ह्यात येणारा माणूस शिर्डीला जातो, काजवे बघायला अकोले तालुक्याच्या डोंगरात जातो, आणि आमच्या या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात फक्त रस्ता चुकलेला येतो. बघण्यासारखं मात्र आमच्याकडेही आहे. गावात हेमाडपंती मंदिर आहे, मंदिरामागे बारव, टेकडीवर दर्गा आणि शेजारच्या गावात एक पडकी गढी. आजवर या चार ठिकाणांची तोंडं चार दिशांना होती. गढीवाले मंदिरवाल्यांना विचारत नसत आणि बारवेला तर कुणीच वाली नव्हता. या चौघांनी मिळून पाहुण्यांना एक दिवस गुंतवून ठेवायचं, असं ठरलं. मी इतिहास शिकवत होते आणि माझा आवाज माइकशिवायही लांब जातो, म्हणून बारवेवर बोलायचं काम माझ्याकडे आलं.

घरी येऊन आईला हे सांगितलं. आईनं ऐंशी कधीच ओलांडली आहे. ती ज्वारी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "बारवंवर काय सांगनार तू?"

मी म्हटलं, "कधी बांधली, कशी बांधली, कोनाडे कशासाठी."

"मंग त्ये बी सांग. आमाला उतरू देत न्हवते म्हनून. येवढं एक सांग."

आईनं माझ्याकडे आयुष्यात फार काही मागितलेलं नाही. तिच्या लहानपणी, धर्मांतराच्या आधी, आमच्या माणसांना बारवेची पहिली पायरीसुद्धा उतरता येत नसे. वरच्या काठाला एक सपाट दगड आहे. तिथं मडकं ठेवून तिनं उभं राहायचं आणि पाणी भरून वर येणाऱ्या बाईला म्हणायचं, "आक्का, वाईच पानी वाढा वो." कुणाला दया आली तर ती बाई उंचावरून धार सोडायची. नाही आली तर पुढची बाई येईपर्यंत थांबायचं. आई हे सांगताना कधी रडली नाही. बाजारात काय भाव होता हे सांगावं तशी सांगायची. पण ते चारचौघांत बोललं जावं, आणि तेही त्याच जागेवर, ही तिची इच्छा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी भाषण लिहून समितीच्या बैठकीत वाचून दाखवलं. अध्यक्षांनी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बाई, लई भारी झालंय. फकस्त त्ये एक वाक्य तेवढं काढा. पाव्हनं मजा करायला येनार, त्यांच्या तोंडाला कडू कशाला लावायचं? झालं गेलं गंगेला मिळालं."

"ते गंगेला मिळालं असेल," मी म्हटलं, "माझ्या आईला पाणी मिळालं नव्हतं."

बैठकीत सगळे एकाएकी मोबाईल बघायला लागले. फक्त दर्ग्याचे मुजावर, ज्यांना सारा गाव चाचा म्हणतो, ते बोलले, "ऱ्हाऊ द्या की वाक्य. खरं हाय त्ये. माझी दादी बी सांगायची." अध्यक्ष 'बघू, बघू' म्हणाले. आठवड्यानं कागद छापून आला तेव्हा माझं वाक्य त्यात नव्हतं. त्या जागी होतं, 'ही बारव अठरापगड जातींची तहान भागवत असे.' मी तो कागद आईला दाखवला नाही. माइक माझ्याच हातात असणार आहे, बघून घेऊ, असं मनाशी म्हटलं.

उद्घाटन गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी दिवेलागणीला ठरलं. हल्ली जुन्या बारवांत दीपोत्सव करायची टूम निघाली आहे. पायरी-पायरीवर पणत्या लावायच्या आणि पाण्यावर दिवे सोडायचे. मोबाईलमध्ये ते फार देखणं दिसतं. पण दिवे सोडायला पाणी लागतं आणि आमच्या बारवेत तळाचा गाळही भेगाळलेला. मग त्या दिवशीचा टँकर दुपारी मागवून घेतला गेला. पाणी बारवेत पडलं आणि लगेच वरच्या काठावर चारी बाजूंनी दोरी बांधली गेली. दोरीला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या.

टँकरच्या आवाजानं बायका आपसूक आल्या. आमच्या वस्तीतल्या आल्या, मुजावरांच्या घरच्या आल्या, मेंढपाळांच्या आल्या. बिल्ले लावलेल्या स्वयंसेवकांनी सगळ्यांना दोरीबाहेर थांबवलं. "पाव्हनं यून जाऊ द्या, मंग भरा निवांत." बायका हंडे खाली ठेवून बसल्या. आईसुद्धा आली होती, कमरेवर प्लास्टिकची लहान कळशी घेऊन. पाण्यासाठी यायची तिला गरज नव्हती, ते काम माझं. ती ते वाक्य ऐकायला आली होती.

पाहुण्यांना उशीर झाला. ऊन उतरलं, पणत्या लागल्या. मग स्वयंसेवक खाली उतरले आणि द्रोणात ठेवलेले दिवे एकेक करून पाण्यावर सोडू लागले. काही द्रोण नीट तरंगले, बरेच कलंडले. तेल पाण्यावर पसरलं. वरून झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. माझ्याशेजारी बसलेली एक बाई उठून ओरडली, "आरं, प्यायचं पानी हाय त्ये!" एकानं तिला खालूनच हात दाखवला, थांबा म्हणून. आमच्या गावात टँकरचं पाणी बारवेत पडतं हे त्या पोरांना जन्मापासून ठाऊक होतं. त्यांच्याही आया कधीतरी तिथूनच पाणी भरत होत्या. तरी पाण्यावर तेल सोडताना एकाचाही हात अडखळला नाही, कारण त्या संध्याकाळपुरती ती विहीर नव्हती, वारसा होती.

पुण्या-नगरकडचे पाहुणे आले, अहाहा झालं, मोबाईल वर गेले. माझ्या हातात माइक आला. बांधणी सांगितली, कोनाडे सांगितले. मग छापलेला कागद घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हटलं, "या पायऱ्या माझ्या आईला उतरू देत नव्हते. ती त्या दगडापाशी उभी राहून पाणी मागायची. माझी आई आज इथं आहे, दोरीच्या पलीकडे."

सगळे वळून बघायला लागले. अध्यक्षांचा चेहरा उतरला. क्षणभर मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी खाली मान घालेल, कुणीतरी विचारेल की ही दोरी आज कशासाठी आहे. आणि तेवढ्यात टाळ्या पडल्या. चांगल्या कडकडून टाळ्या, शाळेच्या गॅदरिंगला पडतात तशा.

पाहुणे आईभोवती जमले. हातमागाची सुंदर साडी नेसलेल्या एका बाईंनी तिचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, मी खोटं का बोलू? त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही तिथंच उभ्या राहाल का, त्या दगडापाशी? फक्त ही प्लास्टिकची कळशी नको." अध्यक्षांनी तत्परतेनं घरून तांब्याची घागर आणवली. आईच्या हातात ती घागर दिली गेली. आई म्हणाली, "आमच्याकडं तांबं कुठलं, मडकं हुतं," पण तोवर फोटो काढून झाले होते. दोरी कुणी उचलली नाही. पाहुणे जेवायला फाट्यावरच्या हॉटेलात गेले, तेव्हा कुठे स्वयंसेवकांनी गाठी सोडल्या आणि बायका पायऱ्या उतरल्या. तेलाचा तवंग हातानं बाजूला सारून त्यांनी हंडे बुडवले. घरी आल्यावर मी पाणी फडक्यानं दोनदा गाळलं, उकळलं. आईनं घोट घेतला आणि मोरीत थुंकली. धुण्या-भांड्याला वापरलं ते. प्यायला मात्र पुढचा टँकर येईपर्यंत मेंढपाळांच्या एका घरून, त्यांच्या रांजणात आधीचं उरलेलं, मागून आणलं.

मला जन्मात एवढा संताप आला नव्हता. शिवी दिली असती कुणी तर परवडलं असतं. त्या टाळ्यांचं काय करायचं, हे मला आजही समजलेलं नाही.

चार-पाच दिवसांनी अध्यक्ष घरी आले. आमच्या घरी ते पहिल्यांदाच आले. चहा घेतला, अर्धा ठेवला. भलते खुशीत होते. "बाई, मी चुकलो. तुमचं वाक्य हिट झालं. सगळे म्हातारीचंच इचारत्यात." मग आईकडे वळून म्हणाले, "आजी, दर रइवारी पाव्हनं येनार हायेत. तुमी फकस्त त्या दगडापशी उभं ऱ्हायाचं आन् त्येच म्हनायचं, पानी वाढा. नऊवारी आमी देतो."

मी उठून त्यांना दार दाखवणार होते. आईनं हातानं मला बसवलं.

"यीन की," ती म्हणाली. "पन टँकर आला की दोरी सोडायची. आदी बाया पानी भरतील, मंग तुमचं दिवं."

"आजी, दोरी सेफ्टीसाठी हाय. गर्दीत कुनाचा पाय घसरला, पडलं कुनी, तर? तुमच्याच भल्यासाठी हाय ना ती."

"तवा बी आसंच म्हनायचे," आई म्हणाली. "तुमी उतरलात तर देवी कोपंल, तुमची लेकरं मरतील, तुमच्याच भल्याचं सांगतो."

अध्यक्ष हसले. आईच्या बोलण्यात त्यांना हसण्यासारखं काय दिसलं ते तेच जाणोत. आई पुन्हा बारवेवर गेली नाही आणि मीही माइक परत दिला.

सहल मात्र जोरात चालू आहे. त्यातलं दर्ग्याचं ठिकाण मधल्या मध्ये गळालं. वेळ पुरत नाही म्हणे, टेकडी चढायला पाहुणे कंटाळतात. वास्तविक उरुसाची पहिली चादर आमच्या मंदिराच्या पायरीवरूनच निघते, आणि ते सांगायला चाचांनी किती हौसेनं पाठांतर केलं होतं. ते एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, तुमचं वाक्य काढलं त्ये छापून तरी आलं. आमाला तर पाव्हन्यांची गाडी खालूनच जाताना दिसली तवा कळलं." मग ते टेकडीकडे गेले आणि मी दळण घेऊन घरी आले.

दगडापाशी आता अध्यक्षांची चुलती उभी राहते. वरच्या आळीची, आईच्याच वयाची. नऊवारी नेसते, तांब्याची घागर घेते आणि पाहुण्यांना सांगते, "आमाला उतरू देत न्हवते." मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तशीच अध्यक्षांच्या हॉटेलवर गेले. "अहो, तुमची चुलती! त्या घरात पाणी अडवणारे होते की पाणी मागणारे?" ते गल्ल्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "बाई, नाटकच हाय त्ये. कुनी का उभं ऱ्हाईना. इतिहास तर सांगतोय ना आपन? तुमालाच सांगायचा हुता ना?" मी परत फिरले. घरी आल्यावर दहा उत्तरं सुचली, पण त्यांचा काय उपयोग?

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात तिला दवाखान्यात न्यायचं होतं. आमची रिक्षा फाट्यावर सीटा भरायला थांबली आणि समोरच मोठा फ्लेक्स लागलेला. त्यावर बारव, दिवे आणि दगडापाशी उभी असलेली चुलती. आई बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, चिडेल, नाहीतर रडेल. तिनं विचारलं, "ही वरच्या आळीची ना?"

मी हो म्हटलं.

"काय म्हनती ही?"

लपवून काय करणार? सांगितलं. रिक्षा निघाली, फ्लेक्स मागं गेला, तरी आई मान वळवून तिकडेच बघत होती. मग म्हणाली, "मान वर हाय हिची."

"फोटोसाठी आहे गं ते."

"तसं न्हाई. मान खाली घालून, तोंड फिरवून हुबं ऱ्हावं लागायचं. वाढनारीच्या तोंडाकडं बगितलं की ती वाढायची थांबायची. म्हनून मडकं भरलं का न्हाई त्ये मला दिसायचंच न्हाई, पायावर पानी सांडलं की कळायचं."

इतक्या वर्षांत हे तिनं मला एकदाही सांगितलं नव्हतं.