पान्ह्याशिवाय अर्धा तास

आमचे हे नळदुरुस्तीवाले. सत्तावीस वर्षं लोकांच्या मोऱ्या, बेसिनं आणि संडास यांतच गेली. माणूस सरळ, व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. ते खातं घरात माझ्याकडे. एका रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या मागच्या नळाचा वॉशर बदलता बदलता मला म्हणाले, "अगं, मला सेमिनरीत शिकायला जायचंय. पाळक व्हायचंय."

एकोणपन्नासावं लागलेलं, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतोय, आणि हे निघाले शिंगं मोडून वासरांत शिरायला!

"लोक हसतील," मी म्हणाले.

"हसू देत. तीन वर्षं तो बोलावतोय गं. आणखी किती वेळा नाही म्हणू?"

देवाशी भांडायचीसुद्धा माझी तयारी असते, पण यांचा चेहरा बघितला आणि हात टेकले.

सकाळी वर्ग, दुपारनंतर कामं, असं सुरू झालं. वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं, ती यांना 'काका' म्हणायची. बायबल मुळातून वाचायला ग्रीक शिकावं लागतं, त्या अक्षरांचा कागद यांनी आमच्या मोरीतल्या आरशावर चिकटवला. दाढी करताना घोकायचे आणि गाल कापून घ्यायचे. इतिहासाच्या तासाला मात्र डुलकी लागायची. एकदा घोरले म्हणे! पण पहिल्या आठवड्यातच वसतिगृहाचे अकराच्या अकरा नळ नीट करून दिले, त्यामुळे घोरणं माफ झालं.

अडलं ते भेटीच्या बाईंपाशी. आजाऱ्यांजवळ जाऊन कसं बसावं, हा विषय त्या शिकवायच्या. दर गुरुवारी इस्पितळात जायचं, एका रुग्णाजवळ अर्धा तास बसायचं आणि काय काय बोलणं झालं ते शब्दाला शब्द वहीत लिहायचं. पहिलं सत्र परीक्षेचं असतं. शेवटी बाईंची सही झाली तर पुढे जायचं, नाहीतर घरी. यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय शाईत बुडवून नाचवलेले, तेव्हा दर शुक्रवारी दुपारी वही सुवाच्य उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. म्हणून मला सगळं ठाऊक.

पहिली भेट अशी होती:

रुग्ण: रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

मी: तो नळ ठिबकतोय म्हणून?

रुग्ण: नाही हो. मुलीची आठवण येते.

मी: थांबा, वॉशर गेलाय. पाच मिनिटांत करतो.

मी हसून हसून लोळले. बाई काही हसल्या नाहीत. लाल शाईनं खाली लिहिलं, 'मुलीचं काय झालं?' यांना कुठे माहीत! हे अर्धा तास बेसिनखाली होते.

दुसऱ्या गुरुवारी पलंगाचं चाक कुरकुरत होतं. तिसऱ्या गुरुवारी खिडकीची कडी. रुग्ण खूश, परिचारिका तर विचारायच्या, मिस्त्री परत कधी येणार? वहीतली लाल शाई मात्र वाढत चालली.

"अहो, माणूस जीव तोडून बोलतोय, तर ऐका ना जरा!" मी ओरडले.

"ऐकतच होतो. फक्त हात चालू होते."

जित्याची खोड, दुसरं काय!

शेवटची भेट राहिली तेव्हा बाईंनी यांना खोलीत बोलावलं. घरी आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले. "म्हणाल्या, पिशवी न घेता जा. काही दुरुस्त करायचं नाही, नुसतं बसायचं. नाही जमलं तर सही करणार नाही." मग हळूच म्हणाले, "मरणाऱ्या माणसाला वॉशर काय कामाचा, असं म्हणाल्या."

मला असा राग आला त्या बाईंचा! तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की लोक हसतील म्हणणारी मी, आता हसणाऱ्याच्या झिंज्या उपटल्या असत्या. यांना पाळक झालेलं मला बघायचं होतं. पण बाई चुकीचं बोलत नव्हत्या, हेही कळत होतं.

गुरुवारी मी स्वतः यांचे खिसे तपासले. डाव्या खिशातून छोटा पान्हा निघाला, उजव्यातून टेफ्लॉन टेप.

"हे काय?"

"सवयीनं राहिलं गं."

दोन्ही काढून घेतलं आणि यांना पाठवलं. परत आले ते थेट लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी उतरवायला घेतलं. रुग्ण म्हणजे एक म्हातारा बसचालक होता.

रुग्ण: बसा.

मी: बसलो.

(पलंगाचा कठडा सैल होता. मी हात मांडीखाली दाबून ठेवले.)

रुग्ण: डॉक्टर म्हणतात, आता घरी न्या.

मी: (कठड्यावरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.)

रुग्ण: मला भीती वाटते.

मी: मलाही.

(मी हात बाहेर काढला. त्यांनी धरला. निघेपर्यंत सोडला नाही.)

खाली नेहमीचा प्रश्न होता, 'या भेटीत स्वतःबद्दल काय कळलं?' दर वेळी हे लिहायचे, 'पुढच्या वेळी जास्त ऐकेन.' या वेळी चार ओळी होत्या. मी लिहिण्याच्या ओघात त्याही उतरवू लागले.

'माझी सासू आमच्या घरी वारली तेव्हा मी तीन दिवस गच्चीवर पाण्याची टाकी दुरुस्त करत होतो. बायको खाली एकटी होती. टाकीला काही झालं नव्हतं. तिला रडताना बघायची मला भीती वाटत होती.'

माझा हात थांबला. अकरा वर्षं झाली त्याला. घर माणसांनी भरलेलं, आणि अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, टाकी नेमकी तेव्हाच फुटली हो, नाहीतर हे माझ्याजवळून हलले नसते. मी वर चहासुद्धा पाठवत होते!

हे दारात उभे होते. "हवं तर तेवढं उतरवू नकोस," म्हणाले. "बाईंनी वाचलं तर सही व्हायची नाही. ज्याला बायकोजवळ बसता आलं नाही, तो पाळक कसला होणार?"

"अकरा वर्षं!" मी पेन फेकलं. "अकरा वर्षं मला टाकीच्या थापा मारल्यात! खाली मी कुणाच्या गळ्यात पडून रडले माहीत आहे? त्या शेजारणीच्या! जिच्याशी माझा अबोला होता तिच्या!"

आणि मग मला रडूच फुटलं. आधी रागाचं होतं, नंतर आईचं झालं. हे आत आले, खुर्ची ओढून शेजारी बसले. मला यांचं सगळं पाठ आहे. आता पाणी आणायला उठतील, नाहीतर पेन शोधायला टेबलाखाली वाकतील. उठले नाहीत, वाकले नाहीत. तेव्हा मी ते सांगितलं, जे आजवर कुणाजवळ बोलले नव्हते. आईनं शेवटी मला दोनदा हाक मारली होती. मी आतून 'आले, आले' म्हणत राहिले आणि दूध उतू जाईल म्हणून गेले नाही. गेले तेव्हा ती नव्हती.

'तुझी काय चूक त्यात,' असं यांनी म्हटलं नाही. माझं रडून होईपर्यंत बसून राहिले. मग पेन मीच उचललं आणि त्या चारही ओळी जशाच्या तशा उतरवल्या.

सोमवारी हे वही घेऊन आले. शेवटच्या पानावर लाल शाईत बाईंची सही होती.

"काही बोलल्या का?" मी विचारलं.

"विचारलं, बायको कशी आहे?"

"मग?"

"सांगितलं, खूप रडली," हे म्हणाले. "मी शेजारी बसलो होतो."