खायाले गोड, बोलाले कठीण

आम्ही भाजी पिकवत होतो, पण वावर आमचं नव्हतं. अमडापूरच्या शिवारात दुसऱ्याचा तुकडा वर्षाची रक्कम ठरवून ठोक्याने घ्यायचा, दगड वेचायचे, शेणखत घालायचं. माती मऊ झाली, हाताला लागली, की मालकाला तीच जमीन स्वतःसाठी हवीशी वाटायची. मग नवा तुकडा, आणि पुन्हा दगड. थंडी सरता सरता विहीर तळाला जायची. तेव्हा मायबाप खामगावच्या जिनिंगवर कामाला जात आणि मी मावशीकडे राहत असे. ते परत यायचे तेव्हा मायच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू अडकलेले असायचे. माय म्हातारी होऊन आली असं मला वाटायचं. मग ती पदराने डोकं झटकायची, तंतू उन्हात तरंगत निघून जायचे, आणि माय पुन्हा तरुण व्हायची.

हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. आमचं असं होतं, एवढंच.

कॉलेजसाठी मी चिखलीला जायला लागले, तेव्हा आमच्या घरात कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं कोणी नव्हतं. बाकीचे विषय माझे मी काढले. अडलं ते इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत. शेवटच्या वर्षी मी परीक्षकांसमोर उभी राहिले आणि तोंडातून शब्द निघाला नाही. प्रश्न कळले होते. उत्तरंही मनात होती. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत राहिले आणि तशीच बाहेर आले. विषय राहिला, पदवी अडकली. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं होतं. बाबांनी एकदाच सांगून टाकलं होतं, "हे शेवटचं हाये बाई. नाही जमलं तर वावरात ये. तिथं कोणी तोंडी घेत नाही."

आमचे इंग्रजीचे सर वाक्य कसं जुळवायचं ते समजावून सांगायचे. आधी माणूस कसा आहे ते सांगा, मग काय करायला तसा आहे ते सांगा, आणि मधे एक 'टू' ठेवा. ग्लॅड टू मीट. रेडी टू गो. अफ्रेड टू स्पीक. वस्तूचंही तसंच, ईझी टू कॅरी, हार्ड टू ब्रेक. वर्गात पोरं जांभया द्यायची. मला मात्र ही वाक्यं फार आवडायची, इतकी की मी त्यांच्यातच हरवून जायची. रेडी टू गो. म्हणजे अजून गेलेलं नाही, पण चपला पायात आहेत. काम पुढे आहे, कोणी हात लावलेला नाही, आणि माणूस उंबऱ्यात उभा राहून आपलं मन सांगतो आहे. आमच्याकडे कोण सांगतं असं? बाबा चार दिवसांनी परगावाहून आले तरी माय एवढंच म्हणायची, "आले का? पाय धुवा." तुम्हाला पाहून आनंद झाला, हे तिने आयुष्यात कोणाला म्हटलं नसेल. इंग्रजीत ते आधी म्हणावं लागतं. मला वाटायचं, त्या भाषेतली माणसं रोज सकाळी एकमेकांना असंच आपलं आतलं काही देत असतील.

पहाटे आम्ही मेथी उपटायचो. धुकं पार बांधापर्यंत उतरलेलं असे, आणि बाबा पलीकडच्या वाफ्यात आहेत हे त्यांच्या खोकल्यावरून कळायचं. मुळांची माती झटकायची, मूठ जमवायची, ओल्या सुतळीने जुडी बांधायची. हात आपोआप चालायचे आणि डोक्यात वाक्यं वाहत राहायची. वेट टू टच. कोल्ड टू होल्ड. ग्रीन टू सी हे बरोबर की चूक, देव जाणे. सगळं आतल्या आत. ओठ हलले तरी आवाज नाही. माय मधेच विचारायची, "काय पुटपुटून राह्यली वं?" मी म्हणायची, "काही नाही."

परीक्षा तोंडावर आली होती, तेव्हाची गोष्ट. चिखलीच्या बाजाराचा दिवस. काळीपिवळी जीपच्या टपावर भाजीची गाठोडी, आत आम्ही मांडीला मांडी लावून. मायचा घसा दोन दिवसांपासून बसला होता. बाजारात ताडपत्रीचं पाल अंथरलं, जुड्या रचल्या, आणि मायने तोंड उघडलं तर नुसती हवा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, तू ओरड.

मी बाजारात बसायची, तोलायची, हिशोब करायची. ओरडले कधी नव्हते. कॉलेजची पोरं तिथूनच ये-जा करायची. गिऱ्हाईक पुढे सरकत होतं, शेजारच्या पालावरच्या मावशीकडे थांबत होतं. सगळा बाजार तिला मावशीच म्हणे; ती टमाटे विकायची आणि जिभेने तिखट होती. थोडा वेळ तिने पाहिलं, मग म्हणाली, "काऊन वं कालेजवाली, तोंडात काय कुलूप हाये? का मेथी इंग्रजीतून विकतं तू?"

आजूबाजूचे हसले. मायही हसली, आवाज न करता. मला राग आला. रागातच मी मायचीच आरोळी ओढली, जशी लहानपणापासून ऐकली होती तशी, शेवटचं अक्षर लांबवून:

"निवडाले सोपीऽ, शिजाले हलकीऽ, खायाले गोऽड!"

"हाव! असं बोल न मंग," मावशी म्हणाली. "मेथी काय मुक्यानं विकतेत?"

मी पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला, आणि मी जुडी हातात धरून तशीच थांबले. निवडाले सोपी. ईझी टू क्लीन. खायाले गोड. गुड टू ईट. सरांचं वाक्य आणि मायची आरोळी एकाच मापाच्या जुड्या होत्या. बाजाराचा गलका कुठेतरी लांब गेल्यासारखा झाला, धुक्यापलीकडे गेल्यासारखा. एक बाई माझ्यासमोर हात हलवत म्हणत होत्या, "अवं देतं का नाही मेथी? का पाहाले ठेवली?"

दुपारपर्यंत पाल रिकामं झालं. येताना गाडीत माय माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

परीक्षेच्या दिवशी सर होते आणि बाहेरून आलेल्या एक मॅडम. मॅडम म्हणाल्या, घरातल्या कोणत्याही वस्तूबद्दल इंग्रजीत बोला. मागच्या वर्षीसारखंच झालं. नजर ग्लासावर. मला एवढंच कळत होतं की आता गप्प राहिले तर पुन्हा कोणी विचारणार नाही. मी डोळे मिटले, बाजारात उभी आहे असं धरलं, आणि आवाज सोडला.

"मेथी! ईझी टू क्लीनऽ, क्विक टू कुकऽ, गुड टू ईऽट!"

अगदी त्याच चालीत. शेवटचं अक्षर लांबवून. खिडकीबाहेरची पोरं वळून पाहायला लागली, आणि दारातून शिपाईकाकांनी डोकं आत घातलं. सरांनी कपाळाला हात लावला. मॅडम आधी दचकल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

मला वाटलं, संपलं.

"थांबू नका," मॅडम म्हणाल्या. "बोला पुढे."

मी घाईत म्हणाले, "मेथी इज हॅपी टू सेल."

"मेथी हॅपी, का तुम्ही?"

मी थोडा विचार केला. मेथीला काय, ती तर मुळासकट उपटलेली. "आय अॅम हॅपी टू सेल मेथी," मी म्हणाले. "माय मदर इज हॅपी टू गो होम."

मॅडमनी मान हलवली आणि हळू आवाजात विचारलं, "आर यू अफ्रेड टू स्पीक?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता, कोणत्याच भाषेत नाही. घरी विचारायचे, काऊन बोलत नाहीस. भीती वाटते का, असं नाही. मी म्हणाले, "यस मॅडम. आय अॅम अफ्रेड टू स्पीक." आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं की मी बोलते आहे. मग थांबावंसं वाटेना. वावर, धुकं, सुतळी, जिनिंगचा कापूस, जे जे सुचलं ते मधे 'टू' ठेवत सांगत गेले. बरंच चुकलं असणार. मॅडमनी मधे टोकलं नाही. शेवटी सरच म्हणाले, "पुरे आता बाई, बाहेर बाकीचे थांबलेत."

निकाल मोबाईलवर आला तेव्हा आम्ही तिघं वांग्याच्या वाफ्यात होतो. बाबांनी फोन हातात घेतला, उन्हाकडे पाठ करून बराच वेळ पाहिला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. "यात पास कुठं लिवलं हाये?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. त्या जागी त्यांनी स्वतःचं बोट ठेवलं, तर पडदाच वर सरकून गेला. मायने हात पदराला पुसले आणि विचारलं, "म्हणजे झालं न आता?"

"झालं," मी म्हणाले.

मी इंग्रजीत पास झाले आणि बी.ए. झाले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.