ताईच्या पंपावरचा भाव

डिझेल महागलं की आमच्या सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या गल्लीत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "पंपवाले लुटतात." ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लुटतात म्हणे! अरे, माझी सख्खी मोठी बहीण पंपवाली होती. तिनं काय लुटलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. कामावरचा माणूस परवडेना म्हणून भर उन्हात पदर खोचून स्वतः नोझल धरून उभी राहायची. घरी गेली की हाताला डिझेलचा वास यायचा म्हणून पीठ मळायच्या आधी चिंचेनं हात घासायची. ही आमची लुटारू.

सुरतेहून धुळ्याकडं निघालं की सोनगड, उच्छल मागं पडतं, गुजरातची हद्द संपते आणि नवापूर येतं. नवापूर सोडलं की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला ताईचा पंप होता. दाजींचं आधी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं, बरं चालायचं. कंपनीची जाहिरात आली, सोडतीत नाव निघालं, दाजींनी दुकान विकलं आणि पंप टाकला. आम्ही सगळे पूजेला गेलो होतो. पेढे वाटताना ताईचा चेहरा इतका फुललेला मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. पुढची काही वर्षं पंप खरंच चांगला चालला. रात्रंदिवस ट्रक उभे असायचे.

मग एका दिवाळीला गुजरात सरकारनं डिझेलवरचा कर उतरवला. महाराष्ट्रानं तेव्हा नाही उतरवला. झालं. मधे एक हद्दीची पाटी, आणि पाटीच्या अलीकडं एक भाव, पलीकडं दुसरा. डिझेल तेच, वास तोच, इंजिनात जळायचंही तसंच. लिटरमागं चार-पाच रुपये म्हणजे ट्रकवाल्याला थोडंथोडकं नाही, त्याची टाकी केवढी असते! हद्दीच्या अलीकडच्या पंपांनी मोठमोठे फलक लावले, गुजरातचा शेवटचा पंप, इथंच भरा. तिथं रांगा लागल्या. नंतर महाराष्ट्रानंही थोडा कर कमी केला, पण पूर्ण बरोबरी काही झाली नाही आणि ड्रायव्हर लोकांना एकदा सवय लागली की लागली. नवापूरकडून सुरतेला जाणारेसुद्धा काटा लालमध्ये गेला तरी हद्दीपर्यंत गाडी रेटायचे. ताईच्या पंपासमोरून रेटायचे.

आमचे हे टेम्पो चालवतात. बमरोलीच्या लूमवरून कोऱ्या कापडाचे ताके उचलायचे आणि पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये टाकायचे. डिझेल वाढलं म्हणून कुठला शेठ भाडं वाढवून देत नाही, तेव्हा यांचाही जीव मेटाकुटीला येतो, ते मला दिसतं. गावी निघालो की हे सुरतेतच, भेस्तानला टाकी फुल करायचे. मी म्हणायची, अहो, ताईकडं भरा ना. तर हे म्हणायचे, "ताई आपली, पण टाकी माझी." यावरून आमची किती भांडणं झाली असतील! शेवटी मी बोलणं सोडलं. पण डोकं तापायचं ते तापायचंच.

दाजी स्वभावानं अगदी गरीब. कुणी भावावरून बोललं की शांतपणे समजावत बसायचे. पहिली कंपनीची किंमत. तिच्यावर दिल्लीचा कर, तो लिटरमागं ठरलेला. मग पंपवाल्याचं कमिशन, तेही कंपनीच ठरवते. आणि या सगळ्याची बेरीज झाली की त्या बेरजेवर मुंबईचा टक्का. म्हणजे करावर कर! दाजींच्या कमिशनवरसुद्धा कर! आणि बोर्डावरचा आकडा रोज सकाळी कंपनीकडून येतो, दाजींना त्यात एक पैसा इकडचा तिकडं करता येत नाही. जगात तेल स्वस्त झालं की सरकार हळूच कर वाढवून घेणार, महाग झालं की हात वर करणार. आणि शिव्या कुणाला? तर नोझल धरून समोर उभा आहे त्याला. सरकार काही पंपावर उभं राहत नाही ना शिव्या खायला!

माझ्या चुलत दिराच्या मुलाचं लग्न साक्रीकडं ठरलं, ते वर्ष मी मरेपर्यंत विसरणार नाही. दीर म्हणजे मोठं प्रस्थ. पांडेसऱ्यात त्यांच्या गाड्या चालतात, गल्लीत शब्दाला वजन. पांडेसऱ्यातून वऱ्हाड निघणार होतं, आमचा टेम्पो, दोन जीप, एक लक्झरी बस आणि दिरांचा ट्रक. ताईला कळलं तेव्हा तिचा फोन आला. आवाजातच आनंद होता. "सगळ्यासले चहा पंपवरच," म्हणाली. तोवर तिच्या पंपाची अवस्था वाईट झाली होती. कंपनीचा साहेब येऊन विचारायचा, विक्री का पडली? जणू त्याला ठाऊकच नाही! विक्री अशीच राहिली तर पंप ठेवता येणार नाही, हे दाजींना दिसत होतं. ताईला वाटलं, आपलीच माणसं येताहेत, एवढ्या गाड्या आहेत, एक दिवस तरी पंप पंपासारखा दिसेल. कामावरून कमी केलेल्या माणसाला तिनं त्या दिवसापुरतं बोलावून घेतलं. मशीनला हळदकुंकू लावलं. झेंडूची माळ घातली.

आणि आमचं वऱ्हाड काय करतं? हद्दीच्या अलीकडं त्या फलकवाल्या पंपावर सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या. टाक्या काठोकाठ. मी टेम्पोत बसून बोटं मोडत होते. ह्यांना म्हटलं, निदान तुम्ही तरी नका भरू. हे म्हणाले, सगळे भरताहेत, मी एकटा बाजूला उभा राहिलो तर कसं दिसेल?

दहा-पंधरा मिनिटांत आम्ही ताईच्या पंपावर. बायका संडासाच्या रांगेत. पोरं पाण्याच्या टाकीवर. ड्रायव्हरांनी चाकांत हवा भरून घेतली, ती फुकट असते ना! ताईनं मोठ्या पातेल्यात आलं घातलेला चहा केला होता, तो घटाघट संपला. शेवही संपली. तो बोलावलेला माणूस नोझलजवळ उभाच. कुणी टाकीचं झाकण उघडीना.

दीर बशीतला चहा भुरकत दाजींना म्हणाले, "काय पाहुणे, तुमच्या पंपात डिझेल आहे का साजूक तूप? बोर्ड बघून घाम फुटला राव!"

सगळे फिदीफिदी हसले. दाजीही हसले, बिचारे. म्हणाले, "भाव माझ्या हातात नाही दादा. पलीकडच्याला लिटरमागं जे मिळतं, साधारण तेवढंच मला. वरचा फरक कराचा."

"मग सोडा की थोडं कमिशन. घरची माणसं आम्ही."

"सगळं सोडलं तरी पलीकडचा भाव येत नाही हो," दाजी म्हणाले.

"म्हणजे लुटायचंच ठरवलंय तुम्ही!" दीर म्हणाले आणि पुन्हा हशा.

माझं डोकंच फिरलं. दीर वडीलधारे, त्यांच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. पण त्या दिवशी मी बशी आपटली. म्हटलं, "लाज वाटू द्या जरा! तिचा चहा प्यालात, तिचं पाणी वापरलंत, तिच्या हवेवर तुमची चाकं फुगली आणि वर तिलाच चोर म्हणता? चला, उघडा टाक्या. प्रत्येक गाडीत इथलं डिझेल गेल्याशिवाय एक चाक हलू देणार नाही मी. अहो, तुम्ही पहिले!"

यांनी मुकाट्यानं झाकण उघडलं. त्या माणसानं नोझल आत घातलं, दाबलं, तोच खट्ट करून बंद. पुन्हा दाबलं तर फेस वर आला आणि डिझेल टेम्पोच्या अंगावरून भळाभळा खाली. जागा असेल तर जाईल ना! दीर म्हणाले, "बाई, पोट भरलेल्या माणसाला किती वाढाल?" आणि अख्खं वऱ्हाड खो खो हसलं. ताई वाळूची बादली घेऊन धावत आली. जरीची साडी सावरत खाली बसून सांडलेल्या डिझेलवर वाळू पसरू लागली. मी तिच्याजवळ वाकले तर खालच्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे वं माय, मुहूर्त चुकी जाई."

आम्ही निघालो. मागं वळून पाहिलं तर ताई त्या माणसाच्या हातावर दिवसाची मजुरी ठेवत होती. लग्नात मी घास गिळला नाही. दिराशी आजही बोलत नाही आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

दाजींनी प्रयत्न कमी नाही केले. हद्दीवरचे पाच-सहा पंपवाले मिळून निवेदन घेऊन गेले. उत्तर मिळालं की राज्याला महसूल लागतो. कसला महसूल, कपाळ? ट्रक सगळे गुजरातेत डिझेल पितात, कर तिकडंच जातो, महाराष्ट्रात येतो फक्त धूर! जास्त टक्का लावायचा आणि विकलंच जात नाही त्याच्यावर लावायचा, हे कोणतं शहाणपण? एवढं साधं गणित माझ्यासारख्या साडीला लेस लावणाऱ्या बाईला कळतं. तिथं खुर्चीवर बसलेल्यांना नाही कळत? कळतं. पण नवापूरजवळच्या एका बाईचा पंप चालतो की बसतो, याचं त्यांना काय पडलंय!

पंप गेला. दाजींनी तो कंपनीला परत केला. सामान आणायला आम्ही टेम्पो घेऊन गेलो, तेव्हा ताईनं ऑफिसातला देव्हारा आधी उचलला आणि मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. सुरतेपर्यंत तो खाली ठेवला नाही. आता ते आमच्याजवळच, बमरोलीला एका खोलीत राहतात. ताई माझ्याबरोबर लेस लावते. आणि दाजी? दाजींना काम कोणतं येणार? पंपाचं. भेस्तानकडच्या एका पंपावर लागले. कंपनीचा गणवेश, डोक्यावर टोपी, छातीवर बिल्ला. मालक त्यांच्या मुलाच्या वयाचा. इथंही भाव वाढला की लोक खिडकीतून तोंड काढून म्हणतात, "लूंटो छो, काका!" दाजी मान हलवतात आणि सुट्टे पैसे मोजून देतात. मी एकदा म्हटलं, दाजी, तुम्ही काही बोलत कसे नाही? तर म्हणाले, "बोलून डिझेल स्वस्त होतं का?"

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघी बहिणी माहेरी निघालो. आमच्याकडं आखाजीला लेकीबाळी माहेरी जातातच, सुरतेत राहिलं म्हणून काय झालं! दाजींना रजा मिळाली नव्हती. टेम्पोत मी आणि ताई पुढं बसलो, हे स्टिअरिंगवर. यांनी गाडी सरळ दाजींच्याच पंपावर घेतली. दाजी पुढं आले, "झिरो बघा," म्हणाले, जसं सगळ्यांना म्हणतात तसं. मशीन फिरू लागलं. नोझल खट्ट करून थांबलं. मला वाटलं, झालं. पण दाजींनी दोन्ही हातांनी टेम्पो धरून गदागदा हलवला, आतली हवा निघून जागा व्हावी म्हणून, आणि पुन्हा नोझल लावलं.

"थोडं मावेल अजून," ते यांना म्हणाले. "भरून घ्या. नवापूरच्या पुढं परवडत नाही."

मी ताईकडं पाहिलं. मला वाटलं ती आता तरी काही बोलेल, निदान रडेल तरी. ती खिडकीतून वाकली आणि म्हणाली, "परत येतानाचंही बसतं का बघा."

ताईच्या त्या पंपासाठी मी सगळ्या भावकीशी वैर घेतलं, दिराचं तोंड बघत नाही, नवऱ्याशी वर्षानुवर्षं भांडले. आणि ही दोघं! एकानं पैसे घेतले, दुसरीनं पावती पर्समध्ये ठेवली, आणि कुणाच्या चेहऱ्यावर रागाची एक रेघ नाही. मला असा संताप आला! "चला म्हणते ना!" मी यांच्यावर खेकसले, आणि त्यांचा काही दोष नसताना सोनगड येईपर्यंत त्यांच्यावरच ओरडत राहिले.