अकरा वर्षं टंकलेखिका

रुग्णालयात तिला सगळे ताई म्हणत. सत्तरीला टेकलेले सर्जन ताई म्हणत आणि फरशी पुसणाऱ्या मावशीही ताईच म्हणत, त्यामुळे तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. हजेरीपटात नावापुढे हुद्दा होता, टंकलेखिका. बाविसाव्या वर्षी ती कामाला लागली तेव्हा तो हुद्दा अगदी खरा होता. वडिलांच्या आजारपणात कॉलेज दुसऱ्याच वर्षी सुटलं होतं. हातात टायपिंगचा दाखला आणि एक बरं अक्षर, एवढीच शिदोरी.

नोंदणी विभाग तळमजल्यावर होता. तीन खोल्या, छतापर्यंत लोखंडी रॅक, आणि त्यांत रुग्णांच्या फायली अशा कोंबलेल्या की एक ओढली तर चार अंगावर याव्यात. रुग्णाला घरी सोडताना द्यायची कार्डं टाइप करणं हे ताईचं काम. विभागाचे प्रमुख म्हणजे साहेब. उंच, टापटिपीचे, पेनाचं टोपण न लावता पेन खिशात ठेवणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग.

दुसऱ्या वर्षी एक म्हातारी बाई तापानं फणफणलेली वॉर्डात आली. जुनी फाइल सापडेना, म्हणून नवीन उघडली. इंजेक्शन भरून तयार झालं, तेवढ्यात एक नर्स धावत आली. "थांबा, थांबा! या आजींना हे औषध चालत नाही. गेल्या खेपेला जीव जाता जाता वाचला होता." नर्सला चेहरा आठवला म्हणून आजी वाचल्या. सगळे सुटकेचा निःश्वास टाकून आपापल्या कामाला लागले.

ताईला मात्र चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती रॅकवर चढली. चौथ्या दिवशी आजींची जुनी फाइल सापडली, लाल शाईतल्या सूचनेसकट. सातव्या दिवशी आणखी एक सापडली. बाई एक आणि फायली तीन, कारण तीन वेळा तिघांनी नाव तीन तऱ्हेनं लिहिलं होतं. मग ताईनं एक अख्खा रॅक उपसला. हजार फायलींत चौऱ्याऐंशी माणसं एकापेक्षा जास्त वेळा निघाली.

"साहेब, हे असं आहे," तिनं कागद पुढे केला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "आणि याला औषध काय?"

"मला माहीत नाही. पण कोपऱ्यातल्या कपाटात तो बिघडलेला कॉम्प्युटर पडलाय, त्याची किल्ली द्याल का?"

साहेबांनी किल्ली दिली. ही गोष्ट ताई पुढे कधीही विसरली नाही, आणि का विसरली नाही ते पुढे कळेलच.

मुखपृष्ठ फाटलेलं, पहिली बारा पानं गायब असलेलं एक जाडजूड पुस्तक तिनं कुठून तरी पैदा केलं. दीड वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत ती त्या पुस्तकाशी आणि त्या यंत्राशी झटत होती. यंत्र मध्येच मान टाकायचं, केलेलं सगळं पुसलं जायचं, आणि ताई पहिल्यापासून सुरू करायची. शेवटी जे उभं राहिलं ते असं: नाव कसंही लिहा, यंत्र त्याच्या उच्चाराकडे बघायचं, वयात दोनेक वर्षांची सूट द्यायचं, राहायचं ठिकाण आणि जुनी ऑपरेशनं ताडून पाहायचं, आणि 'ही तीच व्यक्ती असू शकते' म्हणून फायली एकाखाली एक मांडून दाखवायचं. निर्णय माणसानं घ्यायचा. यंत्रानं परस्पर काही जोडायचं नाही, यावर ताई अडून बसली होती.

ती व्यवस्था रुग्णालयात सात वर्षं चालली. पावणेदोन लाख नोंदी तिच्यातून गेल्या. त्या काळात साहेब एका परिषदेला गेले आणि तिथे त्यांनी तिची माहिती दिली. जाताना 'आमच्या विभागानं बनवलेली' म्हणून गेले, परत आले तेव्हा ती 'मी बनवलेली' झाली होती. चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. ताईला हे कळलं रुग्णालयाच्या पत्रिकेतून.

तिचा नवरा मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांशेजारी बसून त्याची सहनशक्ती दांडगी झाली होती, पण त्या दिवशी तोही उखडला. "तू गप्प कशी बसतेस? तोंड शिवलंय का तुझं?"

"अहो, प्रशासनानं मला दोनदा बिलाच्या खिडकीवर बसवायला काढलं होतं. दोन्ही वेळा साहेब आडवे आले. तिकडे बसले असते तर हे झालंच नसतं."

"म्हणून त्यांनी तुझं काम ढापायचं?"

"ढापलंच. पण किल्लीही त्यांनीच दिली," ताई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. वाईट वाटलं नाही असं नव्हे. त्या दिवशी भाजी जरा जास्तच बारीक चिरली गेली.

अकराव्या वर्षी रुग्णालयानं बाहेरून मोठं, तयार सॉफ्टवेअर घेतलं. ते बसवायला आलेल्या कंपनीच्या मालकानं ताईची जुनी व्यवस्था उघडून पाहिली, तासभर खुर्चीतून उठला नाही, आणि जाताना तिला नोकरी देऊन गेला. तिथे तिनं पुढची नऊ वर्षं हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. विखुरलेल्या नोंदी गोळा करायच्या, एका माणसाला एकच माणूस ठेवायचं. हाताखाली पदव्या घेतलेले सात इंजिनियर होते, तेही तिला ताईच म्हणत.

बेचाळिसाव्या वर्षी परदेशातल्या एका रुग्णालयसमूहानं तिला बोलावलं. काम हेच, पण चाळीस रुग्णालयांचं. घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगूनही टाकलं. आणि मग व्हिसाचं प्रकरण सुरू झालं.

त्या समूहाच्या वकीलबाई मोजकं आणि कोरडं बोलणाऱ्या. "कुशल कामगाराच्या व्हिसाला पदवी लागते. पदवी नसेल तर याच क्षेत्रातला बारा वर्षांचा अनुभव."

"माझी वीस वर्षं आहेत."

"तुमच्या मते वीस. कागदाच्या मते नऊ. आधीची अकरा वर्षं तुम्ही टायपिस्ट होतात." त्यांनी चष्मा काढला. "तीन वर्षं कमी पडतात, ताई. ज्यानं तुमचं काम डोळ्यांनी पाहिलं, त्या वरिष्ठाचं सविस्तर पत्र आणा. तेच एक दार आहे."

कंपनीतल्या एका हितचिंतकानं हळूच सुचवलं, की पत्र काय, आपणच तयार करू, रुग्णालयाचं चिन्ह वर टाकलं की झालं. ताई म्हणाली, "वीस वर्षं मी लोकांच्या कागदातल्या चुका काढल्या. आता माझ्याच कागदात एक घालू?" तो विषय तिथेच संपला.

रुग्णालयाच्या आस्थापना विभागातल्या कारकुनानं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि बोट ठेवलं. "हे बघा. टंकलेखिका. जे आहे ते लिहून देतो. दुसरं काय लिहू, शास्त्रज्ञ?"

उरले साहेब. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. ताई पत्ता काढून गेली तेव्हा जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत गेली, दम लागला म्हणून नव्हे. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. बैठकीच्या खोलीत, बरोबर समोरच्या भिंतीवर, ते प्रशस्तिपत्र होतं. साहेब शहात्तरीचे झाले होते, हाताला कंप होता, पण शर्टाची इस्त्री जशीच्या तशी.

तिनं सगळं सांगितलं. साहेब खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग म्हणाले, "त्यात काय एवढं. तू टाइप करून आण, मी सही करतो."

"नको साहेब. तुमच्या शब्दांत हवं. ते लोक फोन करून विचारतात. विचारलं तर तुम्हाला सांगता यायला हवं."

"काय लिहू?"

"जे झालं ते."

"इतक्या वर्षांपूर्वीचं... मला आता सगळं आठवेल असं नाही."

आतून, चहाची पातेली उतरवता उतरवता, त्यांच्या बायकोचा आवाज आला. "न आठवायला काय झालं? ज्या दिवशी ते पहिल्यांदा चाललं, त्या दिवशी तुम्ही घरी येऊन बूटही काढले नाहीत. म्हणालात, आमच्या टायपिस्टनं आज कमाल केली. मला आठवतंय ते."

चहा आला, निवला. शेवटी साहेब म्हणाले, "आठ दिवस दे मला."

आठ दिवसांनी त्यांनी लखोटा हातात ठेवला आणि घरी जाऊन वाच म्हणाले. ताईला कुठला धीर. पहिल्याच वळणावर ती पायरीवर बसली. कापऱ्या हातानं, पण एकही खाडाखोड न करता लिहिलेली चार पानं होती. पहिलंच वाक्य होतं: 'ही व्यवस्था मी बनवली असे मी अनेक ठिकाणी सांगितले आहे, ती मी बनवलेली नाही.' पुढे सगळं तारीखवार. बिघडलेला कॉम्प्युटर, फाटकं पुस्तक, चौऱ्याऐंशी माणसं, यंत्रानं परस्पर काही जोडू नये हा तिचा हट्ट. सोबत दोन डॉक्टरांची पत्रं, साहेबांनी स्वतः फोन करून मिळवलेली.

ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते हातात आलं होतं, आणि तिला आनंदाऐवजी ओशाळल्यासारखं झालं. ती उलट्या पावली वर गेली.

"साहेब, ते पहिलं वाक्य काढलंत तरी चालेल. काम माझं होतं एवढं लिहिलंत की माझं भागतं."

"तुझं भागेल," साहेब म्हणाले. "माझं नाही भागणार. राहू दे."

मुलाखतीच्या दिवशी ती दोन तास आधीच परदेशी वकिलातीबाहेर जाऊन उभी राहिली. रांगेत तिच्या पुढेमागे पंचविशीतली पोरं, गळ्यापर्यंत पदव्या. काचेपलीकडच्या अधिकारी बाईंनी फाइल चाळली. ताईची परकी भाषा कामापुरती होती, घाबरली की अडखळायची.

"अकरा वर्षं तुम्ही टायपिस्ट होतात, आणि तरी हे सगळं केलंत?"

"हो."

"बढती मिळाली?"

"नाही."

"मग का केलंत?"

या प्रश्नाची तयारी वकीलबाईंनी करून घेतली नव्हती. "फायली सापडत नव्हत्या," ती म्हणाली.

अधिकारी बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग विचारलं, की तुमची व्यवस्था काय करायची ते सोप्या शब्दांत सांगा. ताईनं एक कोरा कागद मागून घेतला, आजींचं नाव तीन तऱ्हेनं लिहिलं, काचेला लावून धरलं आणि बोलायला लागली. यावेळी अडखळली नाही.

तरी हातात पडली ती 'अधिक पडताळणी'ची चिठ्ठी. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. सासूबाई शेजाऱ्यांना चुकवून मागच्या जिन्यानं भाजीला जाऊ लागल्या. तिकडच्या रुग्णालयांनी अजून किती थांबू म्हणून विचारलं. नवरा पोस्टाची पेटी दिवसातून तीनदा बघायचा.

पाचव्या महिन्यात एका दुपारी साहेबांचा फोन आला. आवाज शाळेतून घरी आलेल्या पोरासारखा. "आज माझी परीक्षा झाली!"

वकिलातीतून फोन आला तेव्हा ते अंघोळीला गेले होते. त्यांच्या बायकोनं त्या लोकांना 'थांबा, येतील' म्हणून अकरा मिनिटं तिष्ठत ठेवलं. मग साहेब टॉवेल गुंडाळून चाळीस मिनिटं बोलले.

"त्यांनी विचारलं, परिषदेत तर तुमचं नाव छापलंय, मग खरं काय? मी म्हटलं, छापलंय ते चुकीचं आहे आणि चूक माझी आहे. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं गं."

"तुमचं जेवण झालं का साहेब?" एवढंच तिला सुचलं.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट आला, व्हिसासकट. नवऱ्यानं पाकीट उघडायच्या आधी हात धुतले.

आधी ती एकटीच गेली. मुलीची शाळेची शेवटची परीक्षा व्हायची होती, म्हणून बापलेक वर्षभर मागे राहिले. पहिला हिवाळा तिला जड गेला. एका खोलीत राहायची, रविवारी घरी फोन लावून तो स्वयंपाकघरात उभा करून ठेवायला सांगायची, कुणी बोलो न बोलो. मग बापलेक आले. बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेला नवरा तिथल्या गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झाला आणि मुलीनं ते सगळ्या गोतावळ्याला कळवलं.

चाळीस रुग्णालयांच्या नोंदी एकत्र यायला तीन वर्षं लागली. तिथले लोक यंत्रालाच परस्पर जोडू दे म्हणत होते, वेळ वाचेल म्हणून. ताई तिथेही अडून बसली. तिच्या व्हिसाची मुदत वाढवणं त्याच लोकांच्या हातात असतानाही अडून बसली, हे तिच्या सहकाऱ्यांना फार नंतर उमगलं. साहेबांना ती दर महिन्याला पत्र लिहायची, हातानं. ते गेल्याचं कळलं तेव्हा तिनं दोन दिवस रजा घेतली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माझे वरिष्ठ वारले.'

सासूबाई आपल्या लेकीकडे राहिल्या. नोकरीच्या व्हिसावर नवरा, बायको आणि मुलंच जातात, आईला जागा नसते. सुनेला भेटायला जायचं म्हणून पाचव्या वर्षी त्याही त्याच काचेसमोर उभ्या राहिल्या. विचारलं, तिकडे कोण आहे, परत येणार कशावरून?

"माझी सून आहे. मोठी हुशार आहे, पण भात नेहमी चिकट करते. तिला बघते, आठ दिवस भात करून घालते आणि येते की परत. माझ्या कुंड्यांना पाणी कोण घालणार?"

सुनेच्या कागदांना पाच महिने लागले होते, सासूबाईंचं काम दोन मिनिटांत झालं. विमानतळावर उतरल्या उतरल्या त्यांनी ताईला हेच आधी ऐकवलं, आणि मग जवळ घेतलं.